दिवाणखान्यापासून पटांगणापर्यंत

आपल्या तुकडीच्या संमेलनाचा ग्रुप सुरू झाला तेव्हा पहिला वाद जेवणावरून होईल असं मला वाटलं होतं. झाला तो गाण्यावरून. संध्याकाळचा कार्यक्रम शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये करायचा की हायवेलगतचं लॉन घेऊन, मोठा मंडप, मोठा पडदा वगैरे लावून करायचा? दोन दिवस ग्रुपवर नुसता धुरळा. "गाणं ऐकायचं तर बैठकीत", "हॉलमध्ये सगळे मावणार का, घरच्यांना आणायचं नाही का" अशा दोन फळ्या पडल्या. संपादक मंडळाने मग माझ्यावर काम टाकलं: तू इतिहासात आणि भौतिकशास्त्रात दोन्हीकडे नाक खुपसतेस, तूच लिही. इतिहास शिकवणाऱ्या आपल्या बाई हे वाचणार आहेत हे ठाऊक असूनही लिहिते आहे.

हा वाद पुण्याला नवा नाही. शंभरेक वर्षं तो वेगवेगळ्या रूपांत चालू आहे.

ख्यालगायन जिथे वाढलं ती जागा म्हणजे दरबार आणि दिवाणखाना. पन्नास, फार तर शंभर माणसं. लोड, तक्के, पानदान. गायकाच्या समोर हाताच्या अंतरावर बसलेले जाणकार, आणि बारीकशी मुरकी घेतली तरी मान डोलावणारे. महाराष्ट्रात संस्थानं आणि सरदारांचे वाडे होतेच, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जोडीला मंडळं आणि क्लब आले. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ सालचा. पुण्यात भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला. जागा अजून लहानच, पण मालक आता एक सरदार नव्हता, वर्गणीदार होते. माझ्या मते आपल्याकडच्या संगीताच्या इतिहासातला हा बदल मोठमोठ्या घराण्यांच्या वंशावळींपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात.

त्याच सुमारास नाटक कंपन्यांनी वेगळाच प्रयोग चालवला होता. हजारभर माणसांसमोर, माईक नसताना, रोज रात्री गायचं. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन होता, कादरबक्षांची सारंगी होती, अहमदजान थिरकवांचा तबला होता. पण शेवटच्या बाकावरच्या माणसापर्यंत पद पोचवायचं काम गळ्याचंच. म्हणून नाटकातल्या गाण्याची घडण वेगळी झाली. तान छोटी, शब्द स्वच्छ, पट्टी उंच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त 'मानापमान' झाला. त्या प्रयोगाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात त्या या दोन गळ्यांच्या. एक मऊ, एक झळाळता, आणि दोघांनाही पुढे करायला यंत्र नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव वारले. एकतीस वर्षांचे होते.

इथे जरा थांबून आपल्या शाळेच्या पटांगणाकडे जाऊ. प्रजासत्ताक दिनाला पी. टी. चे सर "सावधान!" म्हणायचे आणि क्षणभराने समोरच्या प्रयोगशाळेच्या भिंतीतून दुसरं "सावधान!" यायचं, हे आठवतं ना? मागच्या रांगेतली मुलं मुद्दाम त्या दुसऱ्या हाकेला पाय जुळवायची. त्यामागचं गणित सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत पन्नास मीटरवर असेल तर जाऊन येऊन शंभर मीटर, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. कानाला दोन वेगळे आवाज कळायला एवढा वेळ पुष्कळ झाला. हॉलमध्ये हेच परावर्तन फार लवकर येतं, म्हणून ते वेगळं न कळता मूळ आवाजात मिसळतं आणि त्याला भरीव करतं. न्हाणीघरात आपण सगळे चांगले गातो ते यामुळे.

दुसरं गणित अंतराचं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई होते. चार मीटरवर बसलेल्याला जे मिळतं त्याचा चौसष्टावा भाग बत्तीस मीटरवरच्याला मिळतो. शंभर माणसांच्या खोलीत हा फरक गळा भरून काढू शकतो, मैदानात नाही. तिथे यंत्र हवंच. आणि यंत्र आलं की गाणं बदलतं.

कसं बदललं याबद्दल माझं मत रूढ मतापेक्षा थोडं वेगळं आहे. माईकने गाण्यातला बारकावा मारला असं जुनी माणसं म्हणतात. किराणा घराण्याकडे पाहिलं तर मला उलटं दिसतं. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज नाजूक, काम सगळं स्वराच्या लगावाचं. तानपुरा नीट लागला असेल तर खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार आपसूक ऐकू येतो, त्या गंधाराच्या शेजारी आपला स्वर अलगद नेऊन ठेवायचा, असं ते गाणं. नाटकाच्या थिएटरात शेवटच्या बाकाला यातलं काय कळलं असतं? माईक आल्यावर तो हळू स्वर दोन हजार माणसांच्या कानाशी नेता आला. विलंबित लयीत शांतपणे चालणारं गाणं मोठ्या जनसमुदायासमोर उभं राहिलं ते यंत्रामुळे. आणि पुण्याचा सर्वांत मोठा संगीत महोत्सव किराणा घराण्याच्याच शिष्याने उभा केला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

तो महोत्सव म्हणजे अर्थातच सवाई. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी बरीच वर्षं नाटकात स्त्रीभूमिका केल्या, म्हणजे मोठ्या थिएटरची गरज काय असते हे त्यांच्या अंगात मुरलेलं. १२ सप्टेंबर १९५२ ला ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त भीमसेन जोशींनी पुढाकार घेऊन, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने, संगीताचा कार्यक्रम केला. सुरुवात लहानशीच होती. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनी मंडळी त्या महोत्सवाची वर्षानुवर्षांची माणसं झाली. गर्दी वाढत गेली तसा महोत्सव बंदिस्त जागेतून मोकळ्यावर आला, आणि पुण्यात मोकळी जागा कुठली, तर शाळेची. आधी रेणुका स्वरूपचं पटांगण, मग कित्येक वर्षं, २०१७ पर्यंत, न्यू इंग्लिश स्कूल रमणबागेचं. या स्मरणिकेच्या वाचकांना हे विशेष आवडावं. देशातला एक नामांकित संगीत महोत्सव मोठा झाला तो ज्या जमिनीवर मुलं डबा खातात आणि लंगडी खेळतात त्या जमिनीवर.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते अकरावीत, १९९६ च्या डिसेंबरात. आमच्या घरात गाणं नव्हतं. वडील पिंपरीला पाळीने कामाला, रेडिओ लागायचा तो बातम्यांना. आपल्या संगीताच्या बाईंनी शाळा सुटल्यावरही आम्हा चौघींना धरून ठेवलं होतं. त्यांनीच सांगितलं की भारतीय बैठकीचं तिकीट काढा, सतरंजी आणि शाल घ्या, कानटोपी विसरू नका, आणि झोप आली तर तिथेच झोपा, लाजू नका. तेव्हा सवाई रात्रभर चालायचा, तीन रात्री. पुढे सोफे आणि खुर्च्या, त्यामागे जाजमावर आम्ही. शेजारी थर्मास घेऊन आलेले आजोबा, त्यांच्या शेजारी बँकेतल्या दोन बायका, मागे मिरजेहून फक्त यासाठी आलेलं एक कुटुंब. पहाटे अडीचच्या सुमारास चहाच्या स्टॉलवर रांग, तिथे कालच्या गाण्यावर हमरीतुमरी. शेवटच्या पहाटे पंडितजींचं गाणं ही तिथली प्रथा. सोळा वर्षांची मुलगी रात्रभर घराबाहेर, आणि आईला काळजी नाही, असं पुण्यात त्या काळी वर्षातून गणपतीनंतर इथेच घडत असावं.

आता गणितापेक्षा अवघड गोष्ट. दुसऱ्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून मी एका घरगुती बैठकीला गेले. पेठेतला जुना वाडा, वरच्या मजल्यावर साठ-सत्तर माणसं, माईक नाही. दारातल्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "आपण कोणाकडून?" मी कोणाकडूनच नव्हते. बसू दिलं, नाही असं नाही. जिन्याजवळ जागा मिळाली आणि गाणं मी आजवर ऐकलेल्या गाण्यांत पहिल्या पाचांत बसेल असं झालं. गायिकेने श्वास कुठे घेतला हे दिसत होतं. पण तो प्रश्न तासभर माझ्या शेजारीच बसून होता.

लहान जागेच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी हा प्रश्न टाळू नये असं मला वाटतं. दिवाणखान्यात गाणं अप्रतिम होत असेलच, पण दिवाणखान्यात कोण होतं? घरच्या बायका असल्याच तर आतल्या खोलीत, पडद्याआड. पुढे बसून गाणारी बाई असली तर तिला समाजात स्थान नव्हतं. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हा तिकीट ही बाब पुष्कळांना हलकी वाटली. मला ते तिकीट फार थोर वाटतं. तिकिटाला "कोणाकडून" हे विचारता येत नाही. पुढे खाँसाहेबांच्याच कन्या हिराबाई बडोदेकर यांनी जाहीर मैफलीत स्त्रीने सन्मानाने बसून गाणं रुजवलं, तेही सभागृहांत, तिकीट काढून आलेल्या मिश्र श्रोत्यांसमोर. गंगूबाई हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन शिकल्या, आणि त्यांचा तो धारदार, भारदस्त आवाज हजारोंनी रमणबागेत उघड्यावर ऐकला. माझ्यासारखीला गंगूबाई लहान दिवाणखान्यात ऐकायला मिळाल्या असत्या का? जवळपास नक्कीच नाही.

(केसरबाई केरकर या तर आयुष्यभर निवडक श्रोत्यांच्या मैफलींच्या राणी. १९७७ साली त्यांची एक भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत घालून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लावली. याहून मोठं मैदान अजून कोणाला मिळालेलं नाही. मात्र तिथल्या दादेबद्दल खात्री देता येत नाही.)

दादेचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातलं थोडं सांगते. मी ज्या प्रकारची सॉफ्टवेअर लिहिते त्यात 'विलंब' हा रोजचा शत्रू आहे. मिलिसेकंदांवर भांडणं होतात. म्हणून एकदा सवाईत बसल्या बसल्या मी हिशेब केला. गायकापासून साठ मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत आवाज हवेतून पोचायला सुमारे ०.१८ सेकंद. त्याची "वाहवा" परत जायला तेवढाच वेळ. एकूण ०.३५. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर एक मात्रा पाव सेकंदाची. म्हणजे समेवर दिलेली त्याची दाद गायकाकडे सम उलटून दीड मात्रा गेल्यावर पोचते. त्याने विचार करायला अजिबात वेळ घेतला नाही असं धरूनही! दिवाणखान्यात तीन मीटरवरची मान हलली की त्याच मात्रेत कळतं आणि गायक पुढची जागा त्यावर बेततो. मोठ्या मैदानात गायक गातो तो पहिल्या चार रांगांशी. बाकीचे आम्ही ते संभाषण ऐकायला आलेले असतो. यात अपमान काही नाही, पण फरक आहे, आणि तो कितीही चांगल्या स्पीकरने भरून निघत नाही.

स्पीकरवाल्यांनी बाकी पुष्कळ भरून काढलं आहे. पूर्वी दोन कर्णे पुढे लावले की झालं. पुढच्यांचे कान फाटायचे, मागच्यांना गोंगाट. आता मंडपाच्या मध्यावर आणि मागे वेगळे स्पीकर असतात आणि त्यांच्याकडे जाणारा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात, म्हणजे व्यासपीठाकडून हवेतून येणारा आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज कानाशी एकत्र येतात. दर चौतीस मीटरला एक दशांश सेकंद. पी. टी. च्या सरांचं दुसरं "सावधान" बंद करायची ही युक्ती. पिवळ्या-पांढऱ्या कापडाचा तो मंडपही कामाचा असतो, कापड बराचसा आवाज गिळतं.

ही युक्ती नसताना काय होतं ते बीटल्सना विचारावं. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लब नावाच्या तळघरात ते सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ तीनशे वेळा वाजवून तयार झाले. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर माणसांसमोर उभे राहिले तेव्हा त्यांच्याजवळ शंभर वॉटचे ॲम्प्लिफायर होते आणि आवाज पोचवायला बेसबॉलच्या घोषणा करायचे मैदानाचे स्पीकर. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच ऐकू येत नव्हतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे बंद केले आणि स्टुडिओत जाऊन बसले. स्टेडियममध्ये संगीत ऐकायला जायची रीत मात्र तिथून सुरू झाली ती थेट आपल्या नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमपर्यंत आली. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेला तिथे गेलेली माझी मुलगी गाण्यांपेक्षा मनगटावर लुकलुकणाऱ्या पट्ट्यांबद्दल जास्त बोलत होती. हजारो मनगटं एका तालात उजळतात हे दृश्य दिवाणखान्यात होणार नाही, हे मला मान्य करावं लागलं. ते गाणं ऐकणं आहे की जत्रा, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. जत्रेलाही मी नावं ठेवत नाही.

सवाईचं मोठेपण एका बाजूने मात्र महागात पडलं. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकांवर कडक निकाल दिला. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. उघड्यावरचा महोत्सव रात्रभर चालणं संपलं. कार्यक्रम दुपार-संध्याकाळीत आले, दिवस वाढले. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या सोसायटीत बारावीची मुलं आहेत आणि शेजारी कर्णेही आहेत. पण मालकंस, दरबारी यांची मध्यरात्र आणि ललत, भटियार यांची खरी पहाट त्या मंडपातून गेली. गंमत अशी की याच नियमांत बंदिस्त सभागृहाला सूट आहे, आवाज आतल्या आत राहत असेल तर. म्हणजे मैदानाने गमावलेली रात्र लहान हॉलकडे परत आली आहे. पुण्यात कुणी ती घेतली तर मी सतरंजी घेऊन येईन.

२०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात गेला. पंडितजी २०११ च्या जानेवारीत गेले, त्यानंतर त्यांचं नाव महोत्सवाच्या नावात आलं. पेठेतून चालत येणारे जुने श्रोते थोडे हळहळले, पार्किंगवाले खूश झाले.

लहान जागा आणि उघडं दार एकत्र नांदू शकतं याचं उदाहरण मला मिरजेत सापडलं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी चिंचेच्या झाडाखाली गाण्याची मैफल होते. खाँसाहेब तिथे गायचे, आणि त्यांच्यानंतर त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक येऊन हजेरी लावत आले. तिकीट नाही, निमंत्रण नाही. गावातच सतारमेकर गल्ली असल्याने तानपुरा ज्याने बनवला तो कारागीर समोर बसून तो कसा लागला आहे ते ऐकत असण्याची शक्यता दाट. हातगाडीवाला कडेला उभा राहून ऐकतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

तेव्हा ग्रुपवर मी हॉलच्या बाजूने मत दिलं ते मिरज डोळ्यांसमोर ठेवून. हॉलला दोन्ही बाजूंना दारं आहेत, ती उघडी ठेवावीत. व्हरांड्यात सतरंज्या घालाव्यात. घंटा देणारे मामा, त्यांच्या घरचे, आणि मागच्या वस्तीतून डोकावणारी मुलं यांना आत घ्यावं. माईक एकच, तोही तानपुऱ्याजवळ. गाणाऱ्या आपल्यातल्याच आहेत, त्यांनी आधी एक संध्याकाळ रिकाम्या हॉलमध्ये येऊन टाळी वाजवून पाहावी. पत्र्यामुळे थोडा नाद घुमतो, पण माणसं बसली की तो उतरतो. लॉनवाल्या फळीने अजून होकार दिलेला नाही, त्यामुळे हे वाचेपर्यंत काय ठरलं असेल ते तुम्हीच बघा.

रमणबागेतल्या त्या पहिल्या वर्षाची एक गोष्ट मात्र या सगळ्या वादात मला कुठल्याच बाजूला टाकता येत नाही. महोत्सवाची सांगता होताना तिथे व्यासपीठावरून कोणी गात नाही. सवाई गंधर्वांची भैरवीतली ठुमरी ध्वनिमुद्रिकेवरून लावतात. ७८ च्या तबकडीवरची, तीन मिनिटांच्या आसपासची, कुठल्याशा बंद खोलीत एका माईकसमोर गायलेली. तिची खरखर त्या मोठ्या स्पीकरांतून स्पष्ट येत होती. मंडपातली सगळी माणसं, चहाच्या स्टॉलवरचीही, हातात अर्धवट घडी केलेल्या शाली आणि सतरंज्या घेऊन उभी होती. ठुमरी संपली, तबकडी फिरत असल्याचा आवाज थोडा वेळ येत राहिला, आणि मग कोणीतरी सुई उचलली.